रुमालाखालचा हात

बारामती,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५८

चि. मानसिंग यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे ते लिहीत जा, नुसतं 'मी मजेत' असं लिहून भागत नाही.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. पोस्टमन हल्ली लखोटा देताना "प्रोफेसरसाहेबांचं हाय" असं आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो आणि चहा झाल्याशिवाय ओट्यावरून हलत नाही. नोकरी तुझी आणि चहा माझा.

पहिली बातमी आनंदाची. सारजाचं ठरलं. स्थळ आपल्या माहेरचंच, इंदापूरचं. आबाजीराव तुला आठवत असतील, वेशीजवळ ज्यांची गुळाची वखार आहे ते. बारामतीच्या बाजारात नेहमी खरेदीला येतात. त्यांचा थोरला मुलगा. पोरगा शांत आहे. सासू कुशाबाई जरा तोंडाची फटकळ, पण पोटात काही ठेवत नाही असं म्हणतात. लग्न माघात, इंदापुरातच. सारजाला विचारलं तर म्हणाली, "तुमाला बरं वाटतंय न्हवं, मग झालं." तुझ्या भाचीच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहीर खणायची.

म्हैस व्याली. रेडी झाली. कालव्याला पाणी बरं आहे, त्यामुळं ऊसही बरा आहे.

आता तुझ्या पत्राचं. नाताळच्या सुट्टीत तू तुझ्या कॉमर्स कॉलेजातली पोरं घेऊन इथं येणार, त्यांना गुळाचा बाजार दाखवणार, रुमालाखालचा सौदा दाखवणार, आणि मग तुझ्या दाजींना त्यांच्यापुढं बसवून चार शब्द बोलायला लावणार. मी वाचलं आणि पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. बाबा, पोरांना आणू नकोस.

एक तर यंदा थंडी मरणाची आहे, मुंबईच्या पोरांना सोसायची नाही. दुसरं, घराला गिलावा चाललाय, बसायला जागा नाही. कालव्याकडच्या वस्त्यांवर हिवतापही आहे. तू म्हणशील, अक्का, नाचता येईना अंगण वाकडं. तसं म्हण, पण आणू नकोस.

तू वर्गात दाजींचा दाखला देतोस हे मला ठाऊक आहे. तूच मागं सविस्तर लिहिलं होतंस. शेतकऱ्याच्या ढेपा बाजारात आल्या की आडत्या खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकतो. एकेक व्यापारी येतो, रुमालाखाली हात घालतो आणि आडत्याची बोटं धरतो. रुपये तोंडी ठरलेले असतात, वरचे आणे बोटांवर. कुणी किती बोटं धरली ते त्या दोन हातांनाच ठाऊक. आडत्याच्या मनात आलं तर तो कुणालाही माल देईल, कुणाचा भाव कुणालाही सांगेल. आणि तू पोरांना म्हणतोस, "तुम्ही पुढं बँकेत जाल, पेढीवर जाल, कुठंही गेलात तरी असा एक रुमाल असणारच. त्याखाली तुम्ही कसे वागता, तेवढीच तुमची नीती." मग बारामतीच्या सावळारामतात्यांचं नाव घेतोस. इतकी वर्षं रुमालाखाली हात आहे, पण त्या हाताबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, असं सांगतोस.

ते पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा हे ऐकून गोठ्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मानसिंगरावांचा त्यो कागद कुठं हाय? जरा वाच बरं पुन्यांदा." असं कितीदा वाचलं असेल. मुंबईच्या कॉलेजात आपलं नाव घेतात याचं त्यांना फार अप्रूप होतं. बोलून दाखवणारा माणूस नाही तो, पण मला कळायचं.

हल्ली ते बाजारात जात नाहीत. जरा विसावा घेतायत. दिवाळीपासून घरीच आहेत. कुणी काही सांगितलं तर कान देऊ नकोस. बाजाराला शंभर तोंडं असतात.

लग्नाला मात्र तू आठ दिवस आधी यायचंस.

तुझी,
अक्का


बारामती,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

चि. मानसिंग यास,
अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. यावेळी पोस्टमनला चहा दिला नाही. दार लावून वाचलं.

तुझ्या वर्गात बारामतीकडचा एक मुलगा आहे आणि त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं, "सर, ते तुमचे मेव्हणे होणाऱ्या व्याह्याला माल देताना सापडले, ते खरं का?" पोरं हसली. तुला तास अर्धा सोडावा लागला. तू लिहिलंस की नीती शिकवणाऱ्याच्या घरातच हे निघालं तर मी फळ्यापुढं उभा कसा राहू. आणि शेवटी लिहिलंस, "अक्का, खरं का खोटं, एका ओळीत कळव."

एका ओळीत मावत नाही. आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. मुंबईत चूल नसेल तर कशातही जाळ, पण ठेवू नकोस. माझी शपथ आहे.

दिवाळीआधीचा गुरुवारचा बाजार. पणदऱ्याच्या गेणबाचा गूळ होता, सोन्यासारखा पिवळा. आडत्या म्हणून सौद्याला तुझे दाजी. बोटं अंगठ्यापासून मोजतात हे तुला ठाऊक आहे. अंगठा एक, पुढं दोन, तीन, चार, आणि करंगळीसुद्धा धरली की पाच. तसा सगळा पंजा धरणारा त्या दिवशी एकच होता, पुण्याचा एक व्यापारी. त्याच्या आधी आबाजीरावांनी चार धरली होती. यांनी रुमाल काढला आणि पुकारलं, "चार. आबाजीराव."

पुण्याचा व्यापारी तिथंच भडकला. म्हणाला, "तात्या, मी पंजा दिलाय." हे म्हणाले, "चारच लागली." तो म्हणाला, "समदा हात धरला की तुमचा." हे परत म्हणाले, "मला चारच लागली. दोघांची चार चार झाली, ज्याचा हात आधी आला त्याला माल, ही रीत हाय." आता ऐकणाऱ्यांनी काय समजायचं? आबाजीराव होणारे व्याही. दोनच दिवस झाले होते सुपारी फुटून. बाजारात हलकल्लोळ झाला. गेणबा बिचारा ढेपांवर हात ठेवून नुसता बघत राहिला. वादात शेतकऱ्याचं नुकसान नको म्हणून त्याचं जे बुडलं ते यांनी त्याच दिवशी भरून दिलं, आणि त्यानं तर लोकांची खात्रीच पटली. खरा असता तर भरून कशाला देईल, असं म्हणाले.

घरी आले ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "चारच लागली गं." मी म्हटलं, लागली तर लागली, आपण काय खोटं बोलतो का. त्यांच्यावर माझा विश्वास होता आणि अजूनही आहे, पण त्या पुण्याच्या माणसाचा चेहराही खोटं बोलणाऱ्याचा नव्हता म्हणे.

चार दिवसांनी सकाळी मी भाकरी थापत होते. हे चुलीपाशी बसून चहा पीत होते. काहीतरी करपल्याचा वास आला. मी म्हटलं, काय जळतंय? ते म्हणाले, "भाकर बघ." भाकरी तर टोपल्यात होती. मी वळून पाहिलं. त्यांचा उजवा हात चुलीच्या पुढ्यात टेकलेला होता आणि करंगळी जळत्या लाकडावर होती. ते माझ्याकडं बघत होते, दुसऱ्या हातात कप होता, आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी हात ओढून घेतला. करंगळीचं कातडं लाकडाला राहिलं. त्यांनी करंगळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "पाच व्हती तर."

मग सारजाला घेऊन आम्ही तिघं पुण्याला गेलो. गावात सांगितलं की डोळे दाखवायला. डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, टाचणी लागली की सांगा. हे डोळे मिटून बसले. गप्प. मला वाटलं, डॉक्टरांनी अजून सुरुवात केली नाही. डॉक्टर केव्हाचे टोचत होते.

महारोग आहे, मानसिंग. रगतपिती म्हणतात ना आपल्याकडं, तोच. लिहून टाकलं. आता परत लिहिणार नाही.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, लवकर कळलंय, हातापुरतं आहे, कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं देतात, त्यानं पुष्कळांना गुण येतो. लांब एक मिशनचं ठिकाण आहे, तिथं जाऊन राहावं लागेल, वर्ष जाईल, जास्तही जाईल. त्यानं मलाही तपासलं आणि सारजालाही. आमची अंगं साफ आहेत. सारजाला टाचणी टोचली तेव्हा ती "आई गं" म्हणाली आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

परत आलो तर बाजारातल्या जाणत्या लोकांनी यांना बोलावणं धाडलेलं. मारुतीच्या देवळात बसले सगळे. मी तिथं नव्हते, पण सोपान हमाल होता, त्यानं शब्दन् शब्द सांगितला. म्हातारे महिपतअप्पा पुढं होते. ते यांना लहानपणापासून ओळखतात. त्यांनी वाट काढून दिली. म्हणाले, "सावळाराम, तुझा हात आमाला ठावं हाय. त्या दिशी हाताला काय झालं व्हतं का? लचकला आसंल, मुंग्या आल्या आसतील. तेवढं म्हन, आमी समदं मिटवतो."

एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरंही होतं.

हे म्हणाले, "माझ्या हाताला काय धाड भरलीय? हात चांगला हाय. पाच लागली व्हती. मीच चार पुकारली."

महिपतअप्पांनी तीनदा विचारलं. यांनी तीनदा तेच सांगितलं. मग त्यांच्या खांद्यावरचा रुमाल काढून घेतला. बाजारात ज्याचा रुमाल काढला त्यानं परत सौद्याला बसायचं नाही, अशी रीत आहे. हे चपला घालून घरी आले आणि गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकली.

मी विचारलं, का असं केलंत? तर म्हणाले, "हात लचकला म्हनलं आसतं तर वैद्याला दाखव म्हनले आसते. धा जन हात बघायला आले आसते. चोराची पोर चालंल लोकांना. ह्याची न्हाय चालत." आपल्या हाताकडं बघून म्हणाले. मग उठले.

आणि खरंच आहे ते. आबाजीरावांचा निरोप चौथ्या दिवशी आला. त्यांना काय वाटलं, यांनी आपल्यासाठी मुद्दाम चार पुकारली. "व्याह्यांनी आमच्यापायी नाव घालवलं, पोरीला डोळ्यांत ठेवू." कुशाबाईंनी सारजाला हिरवं लुगडं पाठवलंय. चोरीवर इतकं खुश झालेलं घर मी दुसरं बघितलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. मला रडू येत नाही. लोकांना वाटतं लाजेनं गप्प आहे. लाज नाही, मला काहीच वाटत नाहीये, अंग भरून आल्यावर वाटतं तसं सगळं लांबून ऐकू येतंय. भाकऱ्या थापते, धार काढते, लग्नाचे पापड लाटते.

तू विचारलंस खरं का खोटं. मला ठाऊक नाही काय म्हणायचं. तूच प्रोफेसर आहेस.

तुझी,
अक्का


बारामती,
पौष वद्य तृतीया

चि. मानसिंग यास,
आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. तू रडलास असं लिहिलंयस. रड बाबा, घरात कुणीतरी रडायला हवं.

तू दोन गोष्टी म्हणतोस. एक, तू येऊन महिपतअप्पांना खरं काय ते सांगणार, निर्दोष माणसावर असा डाग राहू देणार नाहीस. दुसरी, इंदापूरच्या मंडळींना न सांगता लग्न लावणं ही फसवणूक आहे, आणि ती तुझ्याच्यानं बघवणार नाही.

पहिल्याचं सांगते. तू तोंड उघडलंस तर यांनी देवळात जे केलं ते सगळं पाण्यात. ते सांगतात, "मानसिंगरावांस्नी म्हनावं, माझा डाग माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या." मग आणखी म्हणाले, "तुमच्या नीतीपायी पोरीला जन्मभर घरात बसवून ठेवू का, येवढंच सांगा." मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही, त्याला लागेल. तरी लिहिलं.

दुसऱ्याचं तुझं बरोबर आहे. मी वाद घालत नाही. आबाजीरावांना हे कळायला हवं, हे मलाही कळतं. एकदा मी इंदापूरला गेले होते, त्यांनी पाठवलेलं ते लुगडं घेऊन, सांगायचं म्हणूनच गेले होते. कुशाबाईंनी मला पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, म्हणाल्या, "इहीनबाई, मानसाचं मन साफ आसलं की झालं, बाजारात काय, समदेच करत्यात." मी पोळी खाल्ली आणि परत आले.

सारजाला सगळं माहीत आहे. पुण्याला बरोबरच होती. ती तुझं पत्र ऐकून म्हणाली, "मामांना लिव्हा, सांगायचं ते मी सांगीन. माझ्या मालकाला. लगीन झाल्यावर. तुमी कुनी सांगायचं न्हाय." मी म्हटलं, आणि त्यानं टाकलं तर? म्हणाली, "टाकलं तर मी टाकलेली. आत्ता तुमी सांगितलं तर बा टाकलेला. त्यापरीस मी बरी." एवढं बोलून गव्हातले खडे वेचायला बसली. ही पोर इतकं बोलते हे मला माहीतच नव्हतं.

आता माझं मागणं. हे लग्नाला असणार नाहीत. त्याच्या आधी निघतील. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं हाताला हात लागून काही होत नाही, पण यांना पटत नाही. ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हातात हात दिला नाही. मी ताट देते तेही खाली ठेवावं लागतं. कन्यादानाला बापाच्या हातावर पोरीचा आणि जावयाचा हात येतो. ते म्हणाले, "माझा हात त्यात नगं."

यांना भाऊ नाही. तुला यावं लागेल. कन्यादान तू करायचं. लोक विचारतील पोरीचा बाप कुठं आहे, तर सांगायचं की लाजून आला नाही. खोटं तुला सांगावं लागेल, माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून लोकांना पटेल.

तुला जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी रागावणार नाही. पण मग ती मांडवात कुणाच्या हातावर उभी राहील, ते मला कळत नाही.

तुझी,
अक्का


बारामती,
फाल्गुन शुद्ध दशमी

चि. मानसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून हे पहिलंच पत्र. लग्नाची दगदग उतरायला इतके दिवस लागले. उरलेले लाडू संपवले. रेडी आता गवताला तोंड लावते.

तू आलास, फार बरं केलंस. कन्यादानाच्या वेळी तू सारजाचा हात लवकर सोडेनास ते मी पाहिलं. भटजीलाही दिसलं, तो म्हणाला, "मामांना फार माया आहे." पंगतीत माझ्या मागं दोघी बायका म्हणत होत्या की बाप तोंड लपवून बसलाय कुठंतरी. तू ते ऐकलंस आणि माझ्याकडं पाहिलंस. मी त्यांना जिलबी वाढली.

हे लग्नाच्या आदल्या आठवड्यात निघाले, ते तू येण्याआधी. बारामतीच्या छोट्या गाडीनं दौंडला आणि तिथून पुढं. मी स्टेशनवर जाणार होते, पण नको म्हणाले. सारजा दारात उभी होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे फिरवला असं नाही, वरच्यावर धरला, टेकवला नाही. मग पिशवी उचलली आणि गेले. तेव्हा मात्र मी गाडीची शिट्टी होईपर्यंत दारातून हलले नाही. तेवढंच.

सारजा मांडवपरतणीला आली होती. मी विचारलं, सांगितलंस का? म्हणाली, "सांगितलं." काय म्हणाला? म्हणाली, "माझा हात घेतला, हिकडून तिकडून बघितला. म्हनाला, तुला चिमटा कळतो का? मी म्हनलं व्हय. मग म्हनाला, घरात बोलू नगंस." आता रुमालाखाली त्याचाही हात आला. पोरगा बरा आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा आहे.

माझं एक सांगते, हसू नकोस. मी रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की माझी करंगळी चुलीच्या जाळाजवळ नेऊन बघते. चटका बसतो. बसला की मग मी बाकीच्या कामाला लागते.

यांचं पत्र आलंय. तिथल्या एका मास्तरानं लिहून दिलंय, तोही तिथलाच रोगी आहे. इंजेक्शनं फार दुखतात म्हणे, आणि दुखतात याचा आनंद झालाय असं लिहिलंय. तिथं भाजीचे वाफे केलेत, त्यांना पाणी देतात. बाकी काही नाही. शेवटी लिहिलंय ते तसंच उतरवते: "मानसिंगरावांना विचार, वर्गात अजून माझं नाव घेतात का?"

तू परवाच्या पत्रात लिहिलंयस की रजा संपवून तू वर्गावर गेलास आणि त्या बारामतीकडच्या पोरानं परत विचारलं, सर, त्या तुमच्या मेव्हण्यांचं पुढं काय झालं? तू हजेरीचं पुस्तक उघडलंस. तुला तो धडाच सोडून द्यावासा वाटतो. रुमालाचं नावच काढायचं नाही, पुस्तकातले विलायतेचे दाखले द्यायचे, असं तू म्हणतोस. आणि विचारतोस, अक्का, मी पोरांना काय सांगू?

मी दोन दिवस विचार केला. मी शाळेत गेले नाही, तूच पाटीवर गिरवून शिकवलंस तेवढंच. पण मला असं वाटतं की धडा सोडू नकोस. गप्प बसलास तर त्या पोराला संशय येईल, सुट्टीत घरी येऊन तो चौकशी करील. बाजाराचं तोंड कसं असतं तुला माहीत आहे. सगळं सांगितलंस तर सारजाचं घर मोडेल. राहिलं काय मग? त्याला सांग, हो, खरं आहे. माझा मेव्हणा सापडला. रुमालाखाली पाच लागली आणि त्यानं चार पुकारली. इतकी वर्षं सरळ वागलेला माणूससुद्धा पोरीच्या लग्नापायी घसरतो, हे शिका. आणि नाव घे. सावळारामतात्या म्हण, बारामतीचे. नाव लपवलंस तर ते त्यांना आवडणार नाही. त्यांचं नाव तुझ्या वर्गात राहिलं पाहिजे, ही त्यांची हौस होती. कसं का असेना, राहू दे.

तुला खोटं शिकवावं लागेल, हे मला कळतं. नीतीच्याच तासाला. इतक्या वर्षांत तू पोरांना एवढं एकच खोटं सांग. यांना मी उत्तर लिहिलंय की हो, मानसिंग अजून नाव घेतो. ते पत्र टाकलंसुद्धा. तेव्हा आता तुला घ्यावंच लागेल.

काही पाठवायचं असेल तर पाठव, नसेल तर पाठवू नकोस, इथं सगळं आहे. आणि पत्ता नीट लिहीत जा. नवा पोस्टमन आलाय, त्याला आमचं घर माहीत नव्हतं, तर आळीतल्या कुणीतरी सांगितलं, "त्या चोराचं घर इचारा." तो बरोबर दारात आला. तेव्हा पत्ता चुकला तरी तसंच लिही, पोचेल.

तुझी थोरली बहीण,
प्रयाग,
बाजारातल्या त्या चोराची बायको